'स्वतंत्र विदर्भ' आणि 'स्वतंत्र स्कॉटलंड' : एका विशेषणाचा विचार

१८ सप्टेंबर २०१४ रोजी स्कॉटलंडमध्ये सार्वमत घेण्यात आले. ग्रेट ब्रिटनच्या संयुक्त राज्यात राहावयाचे की त्यातून बाहेर पडून निराळे राष्ट्र व्हावयाचे, हा प्रश्न मतदारांपुढे होता. ८४.६ टक्के मतदान झाले; ५५.३ टक्के मते मागणीच्या विरुद्ध व ४४.७ टक्के अनुकूल पडली. या मागणीचा निर्देश मराठीत 'स्वतंत्र स्कॉटलंड' या शब्दांनी होतो. नागपूरच्या वाचकाला हे विशेषण अपरिचित नाही. 'स्वतंत्र विदर्भ' ही शब्दजोडी येथे कित्येक दशके भिंतींवर, व्यासपीठांवर व निवडणुकांच्या जाहीरनाम्यांत वावरत आली आहे. विशेषण एकच आहे. मागण्या मात्र दोन अगदी भिन्न जातींच्या आहेत. स्कॉटलंडची मागणी सार्वभौमत्वाची, तर विदर्भाची मागणी भारतीय संघराज्यातच आणखी एक घटकराज्य असावे एवढीच आहे. हा भेद सर्वांना ठाऊक असूनही वाद रंगात आला की तो विसरला जातो. त्याचे एक कारण या विशेषणातच दडलेले आहे.

'स्वतंत्र' या शब्दाचा इतिहास जुना आहे. क्रियेच्या बाबतीत जो इतरांवर अवलंबून नाही तो कर्ता, हे सांगताना पाणिनीने हाच शब्द योजिला. मराठीत मात्र त्याला निदान तीन अर्थच्छटा प्राप्त झाल्या आहेत. 'स्वतंत्र देश' म्हणजे परसत्तेखाली नसलेला देश. 'स्वतंत्र नाटक' म्हणजे भाषांतरित वा रूपांतरित नसलेले नाटक. आणि 'स्वतंत्र खोली', 'स्वतंत्र खाते', 'स्वतंत्र वीजमीटर' यांत केवळ निराळेपणा अभिप्रेत असतो. भाडेकरू स्वतंत्र मीटर मागतो, तेव्हा तो घरमालकाच्या गुलामगिरीतून सुटू पाहत आहे असे कोणी समजत नाही. 'स्वतंत्र विदर्भ' ही शब्दजोडी या तिसऱ्या अर्थाची आहे. तथापि व्यासपीठावर ती उच्चारली गेली की १९४७ च्या स्मृतीने भारलेला पहिला अर्थ तिच्यामागून ऐकू येतो. मागणी करणाऱ्याला त्यामुळे आवेश लाभतो, आणि विरोधकाला 'हे फुटून निघू पाहतात' असा आरोप करण्यास आयतीच सोय होते. नागपूरच्या हिंदी वृत्तपत्रांत याच मागणीला 'पृथक विदर्भ' म्हणतात. 'पृथक' हा शब्द या दृष्टीने अधिक काटेकोर खरा, पण त्यात जोश नाही. मराठीने तो स्वीकारला नाही यात नवल नाही.

दुसरा प्रचलित शब्द 'वेगळा'. स्कॉटलंडच्या वादात समर्थकांचा शब्द स्वातंत्र्यवाचक व विरोधकांचा शब्द विलगतावाचक, अशी स्पष्ट विभागणी झाली होती. कोणता शब्द वापरला यावरून बोलणाऱ्याचा पक्ष ओळखता येई. विदर्भात तसे झाले नाही. 'वेगळा विदर्भ' हे समर्थकही निःसंकोचपणे म्हणतात. याचे मूळ मराठी घरात शोधावे लागेल. भाऊ 'वेगळे होतात' तेव्हा आडनाव तेच राहते, देव्हारा कोणाकडे जाईल हे ठरते, चूल तेवढी निराळी होते. त्यात दुःख असते, क्वचित कज्जाही असतो. परंतु नाते तुटत नाही. विरोधकांनी या घरगुती शब्दाला उत्तर म्हणून 'तुकडे' हा शब्द निवडला. शरीराचे तुकडे होतात, घराची वाटणी होते. उपमान बदलले की युक्तिवादही बदलतो.

येथे भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला विशेष महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की, विदर्भवाद्यांनी आपली भाषा निराळी आहे असे प्रतिपादन आपल्या मागणीचा पाया म्हणून कधी पुढे केले नाही. 'एक भाषा, एक राज्य' हे तत्त्व त्यांनी नाकारले. 'आम्ही मराठी' हे विधान नाकारले नाही. याला सर्वांत मोठा आधार मिळाला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा. भाषावार राज्यांविषयीच्या १९५५ मधील आपल्या पुस्तकात त्यांनी एका राज्याची भाषा एक असावी हे मान्य केले. पण एका भाषेचे राज्य एकच असावे हे त्यावरून निष्पन्न होत नाही, असे दाखवून मराठी भाषकांची चार राज्ये सुचविली. शब्दक्रम उलटल्याने तत्त्व कसे पालटते याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. त्याच वर्षी फाजल अली, हृदयनाथ कुंझरू व के. एम. पणिक्कर यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने तत्कालीन मध्य प्रदेशातील आठ मराठी जिल्ह्यांचे विदर्भ राज्य करावे अशी शिफारस केली. ती मान्य झाली नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हे जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि नागपूरचे राजधानीपद संपले.

गोव्याचा वाद याच्या नेमका उलट दिशेने गेला. तेथे कोकणी ही भाषा की मराठीची बोली, हाच राजकारणाचा केंद्रबिंदू झाला. भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या १९०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात वऱ्हाडी, नागपुरी व कोकणी या तिन्हींची नोंद मराठीच्या बोली म्हणून आहे. डॉ. सु. मं. कत्रे यांनी १९४२ मध्ये कोकणीच्या घडणीचा स्वतंत्र विचार मांडला (हाही 'स्वतंत्र' आणखी एका अर्थाचा). पुढे १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोमंतकीयांनी महाराष्ट्रातील विलीनीकरण ३४,०२१ मतांच्या फरकाने नाकारले. १९८७ मध्ये गोवा घटकराज्य झाले, आणि १९९२ मध्ये कोकणी घटनेच्या आठव्या परिशिष्टात आली. एकाच खंडातील तीन नावांपैकी एक भाषा ठरले, दोन बोली राहिली. यात ध्वनिविचाराचा वा रूपविचाराचा वाटा असला तरी निर्णायक हिस्सा त्यांचा नव्हे. 'मला' ऐवजी 'मले', 'डोळा' ऐवजी 'डोया' ही वऱ्हाडीची वैशिष्ट्ये खरी आहेत; पण त्यांवरून राज्याची सीमा आखता येत नाही, आणि ती बोली आहे एवढ्यावरून पुसताही येत नाही. राज्याच्या मागणीसाठी वऱ्हाडीला घाईने 'भाषा' ठरवू पाहणे जितके अशास्त्रीय, तितकेच ती मराठीची बोली आहे म्हणून मागणीच निराधार ठरविणे अशास्त्रीय होय. शिवाय मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी व माडिया बोलणाऱ्यांना या समीकरणात दोन्ही पक्षांनी फारसे धरलेलेच नाही.

या दृष्टीने विदर्भाचे साम्य गोव्याशी नसून स्कॉटलंडशी आहे. २०११ च्या जनगणनेत स्कॉटिश गेलिक बोलणारे सुमारे ५७ हजार, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याच्या आसपास होते. बहुसंख्य स्कॉटिश लोक लंडनकरांचीच भाषा आपल्या ढंगाने बोलतात, तरीही राजकीय वेगळेपणाची जाणीव त्यांच्यात तीव्र आहे. कारण ती संस्थांवर उभी आहे. कायदेपद्धती, चर्च व शिक्षणव्यवस्था ही त्यांची १७०७ नंतरही निराळी राहिली. वेल्समध्ये याउलट भाषा हाच राष्ट्रीय चळवळीचा कणा राहिला. २०२१ च्या जनगणनेत तेथे १७.८ टक्के लोकांनी वेल्श बोलता येते असे नोंदविले. भाषा अधिक जिवंत, पण स्वातंत्र्याची मागणी मात्र स्कॉटलंडइतकी प्रबळ नाही. भाषेची सत्ता व राज्याची मागणी यांचे प्रमाण सम नसते, हे एकाच बेटावर पाहावयास मिळते.

संस्थांच्या स्मृतीचा मुद्दा नागपूरलाही लागू पडतो. १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली तेव्हापासून १९५६ पर्यंत हे शहर राजधानी होते. १९३६ पासून येथे स्वतःचे उच्च न्यायालय होते. म्हणूनच २८ सप्टेंबर १९५३ च्या दस्तऐवजाला मिळालेले 'नागपूर करार' हे नाव अर्थपूर्ण ठरते. 'करार' या शब्दात दोन पक्ष गृहीत असतात. दरवर्षी ठराविक काळ शासन नागपुरात यावे, विधिमंडळाचे एक अधिवेशन येथे व्हावे, विकास व नोकऱ्या यांत वाटा मिळावा, ही कलमे पाळली गेली नाहीत असे म्हणताना विदर्भवादी नागरिक म्हणून तक्रार करीत नाही. तो कराराचा एक पक्षकार म्हणून बोलतो. स्कॉटलंडचा वादी १७०७ च्या संयोगाविषयी याच भूमिकेतून बोलतो. तो संयोग १ मे या दिवशी अमलात आला, आणि महाराष्ट्र राज्यही १ मे रोजीच, १९६० मध्ये. तारखांचा हा योगायोग इतकाच; त्यातून काही सिद्ध होत नाही.

या वादाने मराठीला एक पारिभाषिक शब्दही दिला आहे : 'अनुशेष'. दांडेकर समितीच्या १९८४ च्या अहवालापासून तो महाराष्ट्राच्या राजकारणात रुळला. 'मागासलेपणा' म्हटले की दोष प्रदेशाकडे जातो. 'अनुशेष' म्हटले की कोणाकडे तरी येणे बाकी आहे असा हिशेबी अर्थ निघतो. घटनेच्या ३७१ (२) कलमान्वये १९९४ मध्ये स्थापन झालेल्या विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. येणे-देण्याचा शब्द मात्र चालूच आहे.

राहता राहिला प्रश्न विचारण्याचा प्रश्न. स्कॉटलंडमध्ये मूळ मसुद्यातील प्रश्नाचा आरंभ 'आपण सहमत आहात काय' अशा अर्थाच्या शब्दांनी होत होता. असा प्रश्न होकाराकडे झुकवितो असे निर्वाचन आयोगाला चाचणीत आढळले, व २०१३ मध्ये ते शब्द गाळण्यात आले. गोव्यात मतदारापुढे दोन चिन्हे होती : विलीनीकरणासाठी फूल आणि केंद्रशासित प्रदेश राहण्यासाठी दोन पाने. विदर्भाला असा प्रश्न शासनाकडून कधीच विचारला गेलेला नाही, व भारतीय घटनेप्रमाणे तो विचारण्याची आवश्यकताही नाही. तिसऱ्या कलमान्वये नवे राज्य संसद निर्माण करते. संबंधित विधिमंडळाचे मत मागविले जाते, त्याची संमती लागत नाही. आंध्र प्रदेशाच्या विधानसभेने जानेवारी २०१४ मध्ये फेटाळलेले विधेयक संसदेने पुढच्याच महिन्यात संमत केले, आणि २ जून रोजी तेलंगण अस्तित्वात आले. ब्रिटनमध्ये अडचण निराळीच निघाली. वेस्टमिन्स्टरच्या अनुमतीवाचून स्कॉटलंडच्या संसदेला दुसरे सार्वमत घेण्याचा कायदा करता येणार नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिला. 'विदर्भ हे स्वतंत्र राज्य असावे काय?' आणि 'विदर्भ हे महाराष्ट्रापासून वेगळे राज्य असावे काय?' या दोन वाक्यांना एकाच मतदाराकडून एकच उत्तर मिळेल की नाही, याची चाचणी त्यामुळे अद्याप झालेली नाही.