मूठच पात्याला खाते तेव्हा

शंभर वर्षांपूर्वीचा एखादा वस्तरा घ्यावा आणि पाते हळूच बाहेर काढावे. पात्याची शेपटी, म्हणजे अंगठा टेकवायचा तो मुठीबाहेर राहणारा भाग, अजून चकचकीत असते. कारखान्याचा शिक्का लख्ख वाचता येतो. आणि मुठीच्या आत राहिलेले पाते मात्र गंजाने पोखरलेले, धार जागोजागी कुरतडलेली. उघड्यावर होते ते वाचले आणि झाकून ठेवलेले गेले! असे वस्तरे संग्राहकांच्या हाती वारंवार येतात. मालकाने निष्काळजीपणा केला असेही नसते. उलट वस्तरा पुसून, मिटून, मखमलीच्या पेटीत ठेवलेला असतो.

गंज म्हटले की आपण हवेला आणि पाण्याला दोष देतो. इथे मात्र पात्याला खाल्लेले असते ते मुठीने. हे कसे घडते ते कळले, की जुने वस्तरे जपण्याचे सगळे शास्त्र त्याच्या मागोमाग उलगडत जाते.

आधी पात्याकडे पाहू. इंग्लंडमधल्या शेफील्डजवळ १७४०च्या दशकात बेंजामिन हंट्समन नावाच्या घड्याळजीने, घड्याळाची स्प्रिंग चांगली व्हावी म्हणून, पोलाद मुशीत पूर्ण वितळवून एकजीव करण्याची रीत बसवली. त्या मुशीच्या पोलादाने शेफील्डचे वस्तरे जगभर गेले. पुढे जर्मनीतल्या झोलिंगेनच्या कारागिरांनी पाते दोन्ही बाजूंनी अंतर्गोल घासून इतके पातळ केले, की अंगठ्याच्या नखावर धार अलगद टेकवून दाबली तर ती वाकलेली डोळ्यांना दिसते. (संग्रहातल्या वस्तऱ्यावर हा प्रयोग करू नये. पण एकदा ते वाकणे पाहिले, की हाताने घडवलेल्या वस्तूंविषयीची आपली कल्पनाच बदलते.)

माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो आणि चांगल्या धारेची टोकाची जाडी एका मायक्रॉनहूनही कमी. २०२० साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले, की पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ असलेला केससुद्धा विशिष्ट कोनात आडवा आला तर धारेचा कपचा उडवतो. एवढ्या नाजूक कडेला गंज पुरतो तरी किती? पात्याच्या पाठीवर जो डाग नुसता डाग म्हणून राहिला असता, तोच धारेवर आला की धार संपते. वस्तरा न वापरता बोथट होतो तो असा.

शिवाय या पोलादात क्रोमियम नाही. क्रोमियमचा अदृश्य थर अंगावर पांघरणारे न गंजणारे पोलाद हॅरी ब्रिअर्लीने त्याच शेफील्डमध्ये १९१३ साली काढले. त्याआधीची, आणि त्यानंतरचीही बरीचशी वस्तऱ्याची पाती म्हणजे कार्बन भरलेले उघडे लोखंड. गंजाचा थर सच्छिद्र असतो आणि मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. त्यामुळे तो खालच्या धातूला झाकत नाही, फोडत जातो. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या पुढे गेली की हा वेग एकदम वाढतो. बोटाच्या ठशातले मीठ मदतीला असले, तर त्याहून कमी दमटपणाही पुरतो. काही वस्तऱ्यांवर अंगठ्याचा अख्खा ठसा गंजाने कोरलेला दिसतो, रेषा न् रेषा!

पोलादाचा विषय निघालाच आहे तर मायकेल फॅरडेचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. विजेच्या शोधांमुळे अजरामर झालेला हा माणूस त्याआधी पोलादाच्या मागे लागला होता. लंडनचा कारागीर जेम्स स्टोडार्ट शस्त्रक्रियेची हत्यारे आणि वस्तरे करी. भारतातून जाणाऱ्या वूट्झ पोलादाने त्याला भुरळ घातली होती. दख्खनच्या भट्ट्यांमधले हे पोलाद इतके सरस का, या प्रश्नाचा पाठलाग करत दोघांनी १८२०च्या सुमारास पोलादात चांदी, प्लॅटिनम असे धातू मिसळून पाहिले. त्या मिश्रधातूंचे वस्तरे करवून फॅरडेने मित्रांना भेट दिले. पाचशे भाग पोलादाला एक भाग चांदी हे त्यांचे एक प्रमाण. पुढे कित्येक शेफील्डी वस्तऱ्यांवर 'सिल्व्हर स्टील' ही अक्षरे झळकू लागली. असा शिक्का असलेले पाते घासून गुळगुळीत करणाऱ्याने काय पुसले, याचा विचार करून पाहावा. म्हणूनच, गंज जिवंत असेल तेवढाच हलक्या हाताने काढावा आणि काळसर, घट्ट बसलेला जुना थर तसाच राहू द्यावा, असे माझे ठाम मत आहे. तो काळा थर पात्याचे थोडेबहुत रक्षणच करतो. आणि शिक्के तर कालगणनेची साधने. अमेरिकेने १८९१पासून आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले. त्यामुळे अमेरिकेत सापडलेल्या शेफील्डी वस्तऱ्यावर 'इंग्लंड' नसेल, तर तो बहुधा त्याआधीचा.

आता मूठ. शिंग, हाड, हस्तिदंत, लाकूड हे जुने प्रकार. मग हस्तिदंताची चणचण भासू लागली. बिलियर्डच्या चेंडूंसाठी पर्याय शोधता शोधता १८६९-७०च्या सुमारास अमेरिकेत जॉन वेस्ली हायटने सेल्युलॉइड बाजारात आणण्याजोगे केले. कापसाला नायट्रिक आम्लाची प्रक्रिया देऊन मिळणारे सेल्युलोज नायट्रेट आणि त्यात मिसळलेला कापूर, एवढेच ते. होय, आपल्या देवघरातला कापूर! सेल्युलॉइडची मूठ ओळखायची साधी रीतही तीच. अंगठ्याने जोरात घासून ती गरम करावी आणि नाकाशी धरावी. कापराचा वास येतो. याच पदार्थातून कारागिरांनी कासवाचे कवच, मोती, रेषारेषांचा हस्तिदंत अशी हुबेहूब सोंगे काढली. त्या काळातल्या सर्वांत देखण्या मुठी सेल्युलॉइडच्याच आहेत.

पण डबीतला कापूर जसा नकळत उडतो, तसाच मुठीतलाही दशकानुदशके उडत राहतो. मूठ आक्रसते, ठिसूळ होते. तिच्यातून आरपार गेलेला पितळी खिळा मात्र आक्रसत नाही, म्हणून पहिल्या चिरा खिळ्याभोवती पडतात. दरम्यान नायट्रेटचे गट सुटू लागतात आणि नायट्रोजनचे ऑक्साइड वायू बाहेर पडतात. ओलावा मिळाला की त्यांचे नायट्रिक आम्ल होते, म्हणजे जे वापरून हा पदार्थ जन्माला आला तेच पुन्हा बाहेर येते. हे आम्ल उरलेल्या सेल्युलॉइडला आणखी वेगाने तोडते आणि त्यातून आणखी वायू सुटतो. क्रिया स्वतःलाच चिथावत जाते.

वस्तरा मिटलेला असतो तेव्हा धार नेमकी मुठीच्या दोन पट्ट्यांमधल्या चिंचोळ्या फटीत असते. वायू तिथेच कोंडतात. वर पेटी घट्ट बंद असेल तर बाहेर पडायला वाटच नाही. जितकी काळजी घेऊन बंद केले, तितके पाते आम्लात मुरले. शेजारच्या निरोगी वस्तऱ्यांनाही हा वायू सोडत नाही.

यातला एक तपशील मला फार सुंदर वाटतो. पारदर्शक, मधाळ रंगाच्या मुठी लवकर जातात. पांढऱ्या, हस्तिदंताचे सोंग घेतलेल्या मुठी जास्त टिकतात, कारण त्यांना पांढरेपणा देण्यासाठी घातलेले झिंक ऑक्साइड सुटणारे आम्ल जिथल्या तिथे शोषून घेते. ते शोभेसाठी घातले होते आणि शंभर वर्षे पहारा देत बसले!

जुन्या चित्रपटांची फिल्मही याच सेल्युलोज नायट्रेटची. २००३च्या जानेवारीत पुण्यात, प्रभात स्टुडिओच्या जुन्या आवारात असलेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि भारतीय सिनेमाचा मोठा ठेवा नष्ट झाला. या पदार्थाच्या रेणूतच ऑक्सिजन असल्यामुळे त्याची आग विझवणे महाकठीण. वस्तऱ्याची मूठ एवढीशी असते, तिच्याबाबत कोठाराइतके भय नाही. पण ओळख पटवायला तापलेली सुई टोचून पाहण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये.

तेव्हा पेच असा, की पोलादाला कोरडी, बंद जागा हवी आणि सेल्युलॉइडला मोकळी, वाहती हवा. एकाच वस्तूचे दोन भाग उलट गोष्टी मागतात. यावर मला पटलेला मार्ग म्हणजे संग्रह देशानुसार किंवा कारखान्यानुसार न लावता मुठीनुसार लावणे. सेल्युलॉइडचे वस्तरे वेगळ्या खणात, थंड, अंधाऱ्या जागी, हवा खेळेल असे आणि मिटून न ठेवता पाते थोडे उघडे ठेवून. खणात सक्रिय कोळशाची पुरचुंडी असावी, ती वायू शोषते. मुठीवर घामासारखे थेंब, आत चौकटीचौकटीच्या बारीक चिरा किंवा नाकाला झोंबणारा वास आला, तर त्या वस्तऱ्याला त्याच दिवशी इतरांपासून दूर करावे. अशी मूठ सुधारत नाही. फोटो काढून, खिळे सोडवून पाते वेगळे केले तर निदान ते वाचते.

हस्तिदंताचा हट्ट निराळा. फार कोरड्या हवेत तो तडकतो, म्हणून त्याला साधारण निम्मी आर्द्रता बरी आणि पात्यासाठी संरक्षक थर. शिंगाला किडे लागतात. शिंग म्हणजे केसांचेच द्रव्य, लोकर खाणाऱ्या अळ्यांना ते चालते. तिथे हात डांबरगोळ्यांकडे जाईल, पण त्यांची वाफ सेल्युलॉइडला मऊ करते. आणि ओकच्या लाकडाची देखणी जुनी पेटी? ओकमधून ॲसेटिक आम्लाची, म्हणजे व्हिनेगरची वाफ सतत सुटते. जुन्या शेफील्डी वस्तऱ्यांच्या मुठीत टोकाशी बहुधा शिशाची पाचर असते. त्या वाफेने शिसे पांढरे पडून भुगा होऊ लागते, फुगते आणि मूठ आतून उकलते.

कुठल्या पेटीतून, कापडातून, गोंदातून काय सुटते हे ओळखायला ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडीने १९७३ साली एक चाचणी मांडली. आज रूढ असलेल्या तिच्या रीतीत संशयित पदार्थाचा तुकडा आणि चांदी, तांबे, शिसे यांचे पत्रे थोड्या पाण्यासह बंद नळीत घालून ६० अंश सेल्सिअसला २८ दिवस ठेवतात. पत्रे डागाळले तर तो पदार्थ संग्रहाजवळ येता कामा नये. घरी ही चाचणी अचूक जमणार नाही, पण तत्त्व वापरता येते. नव्या खणात आधी नुसता घासलेला लोखंडी खिळा आणि चांदीचा तुकडा महिनाभर ठेवून पाहावे.

जिलेटच्या जुन्या रेझरचे काम त्यामानाने सोपे. किंग कॅम्प जिलेटचे पेटंट १९०४चे. या रेझरांचे अंग पितळेचे, वर चांदीचा, सोन्याचा किंवा निकेलचा अगदी पातळ मुलामा. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश आणि लगेच पूर्ण कोरडे करणे, बस्स. चिंच, लिंबू, रांगोळी यांना या मुलाम्याजवळ फिरकू देऊ नये. चांदीच्या मुलाम्याला लोकरीचे अस्तर आणि रबरबँडही चालत नाहीत, दोन्हींतल्या गंधकाने ती काळवंडते.

उरला पात्यावरचा थर. खोबरेल किंवा गोडेतेल लावू नये. काही तेले हवेत चिकट होतात, काही खवट होऊन आम्ल सोडतात. शिलाई मशीनचे तेल खनिज असते, त्याचा पुसट हात उत्तम. जपानी तलवारींना परंपरेने लावतात ते कॅमेलियाचे तेल हा वनस्पती तेलांतला सन्माननीय अपवाद, ते सुकून चिकटत नाही. दीर्घ मुदतीसाठी मेण चांगले. संग्रहालयांत वापरले जाणारे सूक्ष्मस्फटिकी मेणाचे पॉलिश मूळ ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेतले. थर धारेच्या टोकापर्यंत आणि खिळ्याच्या सांध्यापर्यंत पोहोचला पाहिजे, दगा तिथेच होतो.

मुंबईत किंवा कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. म्हणून शिंगाच्या आणि हाडाच्या मुठीचे वस्तरे मे महिन्यात हातमोजे घालून पुसावेत, तेल किंवा मेण द्यावे आणि सिलिका जेलसह प्लास्टिकच्या घट्ट डब्यात ठेवावेत. जेल नारिंगीचे हिरवे झाले की ओव्हनमध्ये मंद आचेवर सुकवून परत घालावे. सेल्युलॉइडचे डब्यात घालू नयेत. त्यांच्या पात्यांना मेणाचा जाडसर थर द्यावा आणि पावसाळाभर दर आठवड्याला खण उघडून एकदा वास घ्यावा.