तपासणीपूर्वीची ओळख

मुलीनें १३ ते १५ वर्षांच्या वयांत स्त्रीरोगतज्ज्ञांची पहिली भेट घ्यावी, असा अमेरिकेंतील प्रसूति व स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संस्थेचा सल्ला आहे. या भेटींत आंतून तपासणी बहुधा होतच नाहीं. तक्रार अगर तसें कारण असेल तरच ती करावी, असें याच संस्थेनें २०१८ सालीं सांगितलें. पण हें मुलीला सांगणार कोण? आईजवळ संकोच, डॉक्टरांची भीति; मग मैत्रिणींच्या तिखटमीठ लावलेल्या गोष्टींवरच भिस्त.

येथें संगणक उपयोगी पडतो. विस्कॉन्सिन विद्यापीठांत १९८० नंतरच्या दशकांत 'बार्न' नांवाचा संगणकावरील शिक्षणक्रम तयार झाला. धूम्रपान, मद्य, आहार यांबरोबर लैंगिक आरोग्याचीही माहिती किशोरवयीन मुलांना त्यांतून एकांतांत मिळे. यंत्र हंसत नाहीं, रागावत नाहीं. तोच प्रश्न दहा वेळां विचारला तरी कंटाळत नाहीं. तपासणी करावीच लागली, तर स्पेक्युलमचें चित्र आधीं पाहिलेल्या मुलीला त्याचें काम ठाऊक असतें: योनिमार्ग किंचित उघडून गर्भाशयाचें मुख दिसावें, एवढेंच. तपासणी कांहीं मिनिटांची असते, आणि 'थांबा' म्हणण्याचा तिला अधिकार आहे, हेंही पडद्यावर यावयास हवें. मात्र तिचीच पाळी अनियमित कां, हें संगणक सांगणार नाहीं. तो प्रश्न कागदावर लिहून तिनें डॉक्टरांकडे न्यावा.