प्रकाशाची तार

हल्ली पुष्कळ घरांत इंटरनेटची एक बारीक तार येते. विजेच्या तारेत धातू असतो. या तारेत मात्र काच असते! काचेचा हा तंतू 125 मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या आठव्या भागाइतका जाड असतो. त्याच्या मधल्या गाभ्यातून प्रकाश धावतो. आपला आवाज, चित्रे, अकरावीच्या प्रवेशाचा अर्जही त्या प्रकाशाबरोबर जातो.

तुम्ही विचाराल, प्रकाश तर सरळ रेषेत जातो. मग तो वळणावरून कसा जातो? गाभ्याभोवती थोड्या वेगळ्या काचेचे वेष्टन असते. त्यावर प्रकाश खूप तिरका पडला, की तो बाहेर न जाता आतच परततो. यालाच पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी हॉपकिन्स या शास्त्रज्ञांबरोबर लंडनमध्ये काम करताना तंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे पोचवले. ही गोष्ट 1954 ची.

आता तार एकदम मुडपली तर? वळणाशी प्रकाश पुरेसा तिरका पडत नाही आणि थोडा बाहेर निसटतो. तार वरून धडधाकट दिसते, पण पलीकडे प्रकाश अपुरा पोचतो. समजा, अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस आहे आणि कपाट सरकवताना मागची तार दुमडली आहे! घरातील माणसे कंपनीला दोष देत बसतात. अशा वेळी आधी कपाट पुढे ओढून तार सैल करून पाहावी. पुष्कळदा तेवढ्याने काम भागते. काच तडकली असेल, तर मात्र जोडणाऱ्या कारागिराला बोलवावेच लागते.

मग तार किती वाकवावी? बसवलेल्या तारेच्या वळणाची त्रिज्या तिच्या जाडीच्या निदान दहापट असावी, आणि तार ओढताना वीसपट. तार 3 मिलिमीटर जाड असेल, तर त्रिज्या 3 सेंटिमीटर झाली. म्हणजे जास्तीच्या तारेचे वेटोळे मोठ्या माणसाच्या बांगडीहून लहान करू नये. काही नवे तंतू याहून जास्त वाकतात, पण नुसते पाहून ते ओळखता येत नाहीत. तार खिळ्याने किंवा दोरीने करकचून आवळू नका. तिथेही प्रकाश गळतो. शिवाय वाकलेल्या काचेवर सतत ताण राहतो, तिच्यातील बारीक चिरा हळूहळू वाढतात आणि पुढे ती अचानक तुटू शकते.

तुटलेल्या तारेच्या टोकात डोकावून कधीही पाहू नका. तिच्यातील प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. काचेचे बारीक तुकडे बोटात रुततात. ते चिकटपट्टीने उचलावेत.