दूर होतं म्हणून टिकलं!

कळसूबाईचा नाइट ट्रेक केला असेल, तर थोडा अंदाज येईल. रात्री एक-दीडला उठायचं, डोक्याला टॉर्च बांधायचा, जॅकेटवर जॅकेट चढवायचं आणि सूर्योदयाच्या आत माथा गाठायचा. फक्त हा डोंगर सह्याद्रीतला नाही, इजिप्तच्या सिनाई वाळवंटातला आहे. नाव जबल मूसा, म्हणजे मूसाचा पर्वत. उंची २,२८५ मीटर. आणि ज्या पायथ्यापासून चढायला सुरुवात होते, तोच १,५७० मीटरवर आहे. म्हणजे जवळपास कळसूबाईचा माथा!

ज्यू, ख्रिस्ती आणि मुस्लिम या तिघांचीही श्रद्धा अशी, की याच डोंगरावर देव मूसाशी बोलला. मराठी बायबलमध्ये त्याला मोशे म्हणतात, सिनेमांत मोझेस. ‘दहा आज्ञा’ त्याला इथेच मिळाल्या असं मानतात. त्यामुळे रात्रीच्या अंधारात जगभरची माणसं उंटांच्या वाटेने वर चढत असतात. शेवटच्या टप्प्यात ७५० दगडी पायऱ्या लागतात आणि भल्याभल्यांचा तिथे दम निघतो. वर एक छोटं चॅपल आहे आणि एक छोटी मशीदही.

पण हा लेख माथ्याबद्दल नाही, पायथ्याबद्दल आहे. अनेकांचा प्लॅन ठरलेला असतो : सूर्योदय, रील, खाली उतरून मठात वीस मिनिटं डोकावणं आणि बसमध्ये झोप. तुम्ही कधी गेलात, तर ही वीस मिनिटं वाढवा. कारण डोंगर कुठे जात नाही. मठाच्या भिंतींच्या आत मात्र जे आहे, ते जगात दुसरीकडे क्वचितच टिकलं.

टोपलीतून एन्ट्री

हा सेंट कॅथरीनचा मठ. चौथ्या शतकात एजेरिया नावाची एक यात्रेकरू इथे येऊन गेली. तिने प्रवासवर्णन लिहून ठेवलं म्हणून आपल्याला कळतं, की तेव्हाही इथे मठवासी राहत होते. आज दिसणारा ग्रॅनाइटचा तट आणि आतलं चर्च बांधलं ते सहाव्या शतकात, सम्राट जस्टिनियनच्या हुकमाने. चर्चच्या छताच्या तुळयांवर त्याचं आणि राणी थिओडोराचं नाव कोरलेलं आहे. तेव्हाचे लाकडी दरवाजे आजही उघडतात-मिटतात. कित्येक शतकं या तटाला पाहुण्यांसाठी दरवाजाच नव्हता. वरून दोर सोडायचे आणि माणसाला टोपलीत बसवून कप्पीने वर ओढून घ्यायचे!

असा हा मठ १,४०० वर्षांहून जास्त काळ टिकला कसा? तट हे एक उत्तर. खरं उत्तर आहे अंतर.

आठव्या-नवव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटांनी धार्मिक चित्रांवर बंदी आणली. लाकडी फळ्यांवर रंगवलेली ही चित्रं म्हणजे आयकॉन. साम्राज्यात ती फोडली, जाळली गेली. सिनाई मात्र तोपर्यंत अरबांच्या राज्यात गेलं होतं आणि सम्राटाचा हात इथवर पोहोचला नाही. म्हणून सहाव्या शतकातला ख्रिस्ताचा एक आयकॉन आजही इथे आहे. मुस्लिम राजवटीत असल्यामुळे ख्रिस्ती चित्रं वाचली. इतिहास पाठ्यपुस्तकापेक्षा गुंतागुंतीचा असतो, तो असा.

मठाकडे एक पत्रही आहे. परंपरा सांगते, की खुद्द मोहंमद पैगंबरांनी या मठाला अभय दिलं आणि त्यावर हाताचा पंजा उमटवला. आपल्याकडच्या कौलनाम्यासारखंच म्हणा ना. मूळ पत्र १५१७मध्ये तुर्की सुलतान सेलीमने नेलं, मठात त्याची प्रत राहिली, असं मठवासी सांगतात. पत्राच्या खरेपणावर अभ्यासकांमध्ये वाद आहेत. पण ते दाखवून मठाने एकामागून एक राजवटींकडून संरक्षण मिळवलं. तटाच्या आत फातिमी काळातली मशीद आहे, आणि तिचा मिनार चर्चच्या घंटाघराशेजारीच उभा आहे. बाहेर राहणारे जबालिया बेदुइन मुस्लिम आहेत. जस्टिनियनने मठाच्या सेवेला पाठवलेल्या माणसांचे आपण वंशज, असं ते सांगतात. आजही मठाची कामं आणि डोंगरावरची गाइडची कामं तेच करतात.

पुसलेली पाटी

आता लायब्ररी. जुन्या ख्रिस्ती हस्तलिखितांच्या बाबतीत व्हॅटिकननंतर हिचंच नाव घेतात. कोरड्या हवेने पानं राखली. पण माणसांनी? त्याची एक गोष्ट ऐका.

१८४४मध्ये टिशेनडॉर्फ नावाचा जर्मन अभ्यासक इथे आला आणि चौथ्या शतकातल्या ग्रीक बायबलची ४३ पानं घेऊन गेला. ‘ती जाळायला काढलेल्या टोपलीत होती’, असं तो म्हणे. मठाला हे मान्य नाही. १८५९मध्ये त्याने आणखी ३४७ पानं नेली. ‘परत करू’ असं लिहून दिलेलं पत्र मठाने जपून ठेवलंय. पानं गेली रशियाच्या झारकडे. पुढे १९३३मध्ये सोव्हिएत सरकारने ती ब्रिटनला एक लाख पौंडांना विकली. हाच ‘कोडेक्स सिनायटिकस’. आज तो लंडन, लाइपझिग, सेंट पीटर्सबर्ग आणि सिनाई अशा चार ठिकाणी विखुरलाय. २००९पासून उपलब्ध असलेली सगळी पानं ऑनलाइन एकत्र बघता येतात. म्हणजे ते पुस्तक एकत्र आलं ते फक्त स्क्रीनवर!

चर्मपत्र महाग असायचं. म्हणून पाटी पुसून पुन्हा लिहावं, तसं जुनं लिखाण खरवडून त्यावर नवं लिहीत. २०११पासून संशोधकांनी वेगवेगळ्या तरंगलांबीच्या प्रकाशात अशा पानांचे फोटो काढले आणि खालची पुसट अक्षरं वर आली. आजच्या अझरबैजानच्या परिसरात कधीकाळी बोलली जाणारी कॉकेशियन अल्बेनियन ही लुप्त भाषा अभ्यासकांना वाचता आली, ती मुख्यतः इथल्याच पुसलेल्या पानांमुळे.

आता अंतर संपतंय

इतकी शतकं ज्या दूरपणाने मठ राखला, तोच आता कमी होतोय. २०२१पासून इजिप्त सरकारने इथे मोठा पर्यटन प्रकल्प हाती घेतलाय : हॉटेलं, घरं, व्हिजिटर सेंटर, विमानतळाचा विस्तार. मे २०२५मध्ये इजिप्तच्या कोर्टाने निकाल दिला, की जमीन सरकारची आणि मठाला फक्त वापराचा हक्क. ग्रीसमध्ये यावरून गदारोळ झाला. मठाचं पावित्र्य जपलं जाईल, असं इजिप्त सरकार सांगतं.

यात एकच बाजू बरोबर, असं म्हणणं सोपं नाही. स्थानिकांना रोजगार हवाच, आणि रस्ते झाले नाहीत तर तुम्ही-आम्ही तिथे पोहोचणार कसे? पण २००२पासून जागतिक वारसा असलेल्या या जागेत नुसता मठ मोजलेला नाही, भोवतीचा डोंगराळ प्रदेशही त्यात आहे. खोलीसमोर हॉटेलचे दिवे लागले, तर मठवासी काय जपत बसणार?

आपल्या हातात छोटी गोष्ट आहे : आपण कसे जातो. तेव्हा जबालिया गाइड घ्या, त्याचे पैसे घासाघीस न करता द्या. खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाला. शुक्रवार-रविवार मठ सहसा बंद असतो आणि इतर दिवशीही सकाळचे काही तासच उघडतो, हे बघून तारीख ठरवा. चर्चमध्ये फोन खिशात राहू दे. आणि ब्लूटूथ स्पीकर? तो घरीच ठेवा. त्या दरीत रात्री दुसऱ्याच्या पावलांचा आवाजही ऐकू येतो. तो तुमच्या मागून येणाऱ्यालाही ऐकू येऊ दे.