पाच चेहऱ्यांचा कागद

मावशीला मनोरुग्णालयातून घरी आणायच्या दिवशी बिलाच्या खिडकीवरून माझ्या हातात एक कागद आला. वर 'आपला अभिप्राय' आणि खाली पाच गोल चेहरे: एक रडवा, एक आंबट, एक मख्ख, एक हसरा आणि एक बत्तिशी दाखवणारा. मावशी मागच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मी बत्तिशीवर खूण केली, सही ठोकली आणि कागद परत दिला, कारण डिपॉझिटची पावती त्याच माणसाकडून घ्यायची होती. एकवीस दिवस आत काढलेल्या बाईला एका शब्दाने विचारावं, हे त्या खिडकीला सुचलं नाही आणि मलाही नाही.

त्या कागदाची टोचणी लागली म्हणून मग या विषयात थोडं वाचलं, थोडी माणसं गाठली.

रुग्णाचं समाधान मोजायचा उद्योग तसा जुना आहे. १९७९ साली अमेरिकेत लार्सन, ॲटकिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ प्रश्नांची एक प्रश्नावली बांधली. ती आजही वापरात आहे. पुढे इटलीतल्या व्हेरोनात याहून लांबलचक प्रश्नावली तयार झाली. पण मोजणाऱ्यांचा अनुभव बहुतेक ठिकाणी सारखाच: गुण भरघोस पडतात आणि त्यातून फारसं काही कळत नाही. घरी निघालेला माणूस कशाला वाईट लिहील? उद्या पुन्हा इथेच यावं लागलं तर? शिवाय बायपास करून घेणारा रुग्ण स्वतःच्या पायांनी येतो, सही करतो. मनोरुग्णालयात येणाऱ्यांतल्या कितीतरी जणांना फसवून आणलेलं असतं, 'जरा बीपी दाखवून येऊ' असं सांगून. आमच्या मावशीलाही असंच आणलं होतं. अशा माणसाला तुम्ही समाधानी आहात का विचारणं म्हणजे लग्नात पळवून आणलेल्या नवरीला जेवण कसं झालं विचारण्यासारखं आहे.

तरीही विचारायला हवं, आणि वेळेवर विचारायला हवं. इंग्लंडमध्ये स्टीफन प्रीब यांच्या गटाने सक्तीने दाखल केलेल्या रुग्णांना पहिल्या आठवड्यात गाठलं आणि वर्षभराने पुन्हा गाठलं. तो अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. वर्षानंतर ४० टक्के लोकांना वाटत होतं की आपल्याला दाखल केलं ते बरोबरच होतं. म्हणजे निम्म्याहून अधिकांना तसं वाटत नव्हतं. पण मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटली. सुरुवातीच्या दिवसांत जे उपचारांबद्दल जास्त समाधानी होते, त्यांच्यावर वर्षभरात पुन्हा सक्तीने दाखल व्हायची वेळ कमी आली. खरा कागद पहिल्या आठवड्यातला. बिलाच्या खिडकीवरचा नव्हे.

पहिल्या आठवड्यात रुग्णासमोर कोण असतं? डॉक्टर राउंडला येतात, दहा मिनिटं थांबतात. माझ्या ओळखीतल्या एक निवृत्त अधिपरिचारिका म्हणाल्या, "डॉक्टर राउंड घेतात, रात्र आम्ही घेतो." तीस वर्षं त्यांनी मनोरुग्णांच्या वॉर्डात काढली. गोळी दिल्यावर तोंड उघडायला लावून जिभेखाली पाहायचं, ब्लेड-काचा-दोऱ्या तपासायच्या, कोण जेवत नाही, कोण झोपत नाही, कोण कालपासून एकदम शांत झालाय हे रजिस्टरात लिहायचं. "शांत झालेला पेशंट दिसला की आम्हांला झोप येत नाही," असंही त्या म्हणाल्या.

हिल्डगार्ड पेपलॉ या अमेरिकन परिचारिकेने १९५२ साली आपल्या पुस्तकात मांडलं की परिचारिका आणि रुग्ण यांच्यातलं नातं हाच उपचाराचा भाग आहे. आज हे वाक्य नर्सिंगच्या प्रत्येक विद्यार्थिनीला पाठ असतं. परीक्षेत पाच गुणांना येतं. वॉर्डात मात्र हे नातं जुळायला लागणारा वेळ कुणाच्याही ड्युटी-चार्टवर लिहिलेला नसतो.

मावशीचंच सांगतो. (वॉर्डात 'मावशी' म्हणजे रुग्णांची ने-आण, साफसफाई करणारी बाई, म्हणून माझ्या मावशीला तिथे सगळे काकू म्हणत. याचाही तिला राग.) दाखल करताना तिच्या बांगड्या, मंगळसूत्र, केसांतले आकडे काढून घेतले आणि परकराची नाडी ओढून काढली. कारण उघड आहे, गळफासाची भीती. पण ते तिला कुणी सांगितलं नाही. साठीच्या बाईने अनोळखी वॉर्डात एका हाताने परकर धरून पहिली रात्र काढली. तिच्या दृष्टीने तिचा आजार तिथे सुरू झाला. तिसऱ्या रात्री ड्युटीवर आलेली पंचविशीतली सिस्टर तिच्या कॉटवर मागे बसली, कंगवा मागवला आणि तिची वेणी घातली. घालता घालता सांगितलं, नाडी का घेतली, गोळीने तोंड का कोरडं पडतं, हात का थरथरतो, डॉक्टर उद्या काय विचारतील. सगळं मिळून वीस मिनिटं. चौथ्या दिवसापासून मावशी गोळी गालात दडवायची बंद झाली.

रुग्णालयात दाखल करताना होणाऱ्या सक्तीबद्दल अमेरिकेतल्या मॅकआर्थर संशोधन प्रकल्पाने १९९०च्या दशकात हेच दाखवलं होतं. माणसावर सक्ती झाली की नाही यापेक्षा त्याचं म्हणणं कुणी ऐकलं का, त्याला खरं सांगितलं का, यावर त्याला किती सक्ती झाल्यासारखं वाटतं हे ठरतं. आमच्या मावशीला हे वाचून दाखवलं असतं तर ती म्हणाली असती, एवढ्यासाठी अमेरिकेला कशाला जायचं?

आता इथला हिशेब. महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी ही चार प्रादेशिक मनोरुग्णालयं. मंजूर खाटा अनुक्रमे २,५४०, १,८५०, ९४० आणि ३६५. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७च्या मानसिक आरोग्य ॲटलासात भारतात लाख लोकांमागे मानसिक आरोग्याच्या कामातल्या परिचारिका आहेत ०.८. एक पूर्ण बाईसुद्धा वाट्याला येत नाही. त्याच सुमारास, २०१५-१६ साली, निम्हान्स या संस्थेने केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्यं होती. महाराष्ट्र त्यांत नव्हता. आपल्याकडची नेमकी गरज किती, हे आपण शेजाऱ्याच्या तापावरून ठरवतो.

कायदा मात्र चांगला आहे, हे मान्य करायला हवं. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. कलम २० म्हणतं की रुग्णाचं डोकं सक्तीने भादरायचं नाही, त्याची इच्छा असेल तर त्याला स्वतःचे कपडे घालू द्यायचे, काम करून घेतलं तर मोबदला द्यायचा. साखळीने बांधायला साफ बंदी. २००१ साली तमिळनाडूत एर्वाडीला मनोरुग्णांना ठेवलेल्या निवाऱ्याला आग लागली तेव्हा साखळ्यांमुळे पळता न आल्याने २८ जण होरपळून मेले. त्याची राख या ओळींवर आहे. आणि कलम ९७मध्ये एक वाक्य असं आहे की ते प्रत्येक वॉर्डाच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावायला हवं: केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणून रुग्णाला बांधता येणार नाही. कायदा करणाऱ्यांना रात्रीचा वॉर्ड ठाऊक होता, एवढं त्या वाक्यावरून दिसतं. एक सिस्टर, एक मावशी आणि साठ रुग्ण असतील, त्यातला एक जण खिडकीवर डोकं आपटतोय, तर ती सिस्टर काय करणार? निवृत्त बाई यावर बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "बांधायचो. लिहायचो मात्र नाही." कायद्याला हवं असतं ते लिहिलेलंच.

भाषेचाही एक गुंता आहे. खाजगी रुग्णालयांत केरळच्या मुली मोठ्या संख्येने असतात. कष्टाळू, कामाला चोख. पण इंजेक्शन द्यायला भाषा लागत नाही, मनोरुग्णाशी बोलायला दुसरं काहीच लागत नाही. 'करमत नाही', 'जीव घाबरा होतो', 'डोक्यात मुंग्या येतात', 'आतून पोखरल्यासारखं वाटतं' हे इस्पितळी हिंदीत कसं सांगणार? मावशीने 'मला काही गोड लागत नाही' म्हटल्यावर तिच्या रक्तातली साखर तपासली गेली, हे मी रिपोर्टवर पाहिलं आहे. वेणी घालणारी मुलगी लातूरकडची होती. तो निव्वळ योगायोग.

काही करता येतं का? इंग्लंडमध्ये लेन बोवर्स यांनी 'सेफवॉर्ड्स' नावाने साध्या दहा युक्त्या एकत्र केल्या. एक अशी: रुग्णाला वाईट बातमी मिळणार असेल, म्हणजे घरी सोडणार नाहीत किंवा मुलाचा फोन आला नाही, तर सिस्टरने आधीच जाऊन जवळ बसायचं. दुसरी: कर्मचाऱ्यांनी आपली आवड, म्हणजे क्रिकेट, गाणी, मुलंबाळं, एका वहीत लिहून ठेवायची, रुग्णांनीही. तिसरी: घरी जाणाऱ्याने मागे राहणाऱ्यांसाठी चार ओळी लिहून भिंतीवर लावायच्या. १५ रुग्णालयांतल्या ३१ वॉर्डांवर चाचणी झाली, निष्कर्ष २०१५ साली आले: भांडणं-मारामाऱ्या १५ टक्क्यांनी घटल्या, बांधणं-कोंडणं-जबरदस्तीचं इंजेक्शन २६ टक्क्यांनी. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही.

आपल्या शेजारी गुजरातेत, सहा सरकारी केंद्रांत, आरोग्य संघटनेच्या 'क्वालिटीराइट्स' पद्धतीने काम झालं, पुण्याचे डॉ. सौमित्र पाठारे त्यात पुढे होते. वर्षभरात कर्मचाऱ्यांचा रुग्णांकडे पाहण्याचा दृष्टिकोन चांगलाच बदलला, नातेवाइकांचा भार हलका झाला. रुग्णांचं समाधान? वाढलं, पण अगदी थोडं. काहींना यात अपयश दिसेल. मला वाटतं, माणसाला आधी वाईट वागणुकीची सवय मोडावी लागते, मग त्याला चांगली हवीशी वाटते. मान मिळू लागला की तक्रारीही सुचतात. म्हणून ज्या वॉर्डात सगळे पाचव्या चेहऱ्यावर खूण करतात तिथे मी जरा जास्त वेळ थांबून पाहीन.

सिस्टरांना त्यांचं समाधान कुणी विचारतं का, हा प्रश्न निवृत्त बाईंना हसू आणणारा निघाला. तीस वर्षांत दोनदा मार खाल्ला, एकदा मनगट मोडलं. चौकशी झाली ती रुग्णाला राग का आला याची. मनगटाचं कुणी विचारलं नाही. कंत्राटी नेमणुका वाढल्यावर मुली वर्षभरात दुसरीकडे जातात. कोण शांत झालाय हे ओळखायला वर्षभर पुरत नाही.

मावशी आता बरी आहे. महिन्याला जाऊन औषधं आणते, रिक्षावाल्याशी दोन रुपयांवरून भांडते. मागच्या दिवाळीत फराळ करताना मी तिला तो कागद आठवून सांगितला आणि म्हटलं, तुला विचारलं असतं तर कुठल्या चेहऱ्यावर खूण केली असतीस? तिने चकलीचा सोऱ्या खाली ठेवला.

"बांगड्या परत दिल्या, मंगळसूत्र वजन करून परत दिलं, माझी सही घेतली," ती म्हणाली. "नाडी तेवढी दिली नाही रे त्यांनी."