पाय गेले म्हणजे कुत्रं संपलं का?
अपंग कुत्री आणि व्हीलचेअर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पुणे-सातारा महामार्गावर नसरापूर, कापूरहोळच्या पट्ट्यात रात्री भरधाव गाड्यांखाली कुत्री सापडतात. आत भोर-वेल्ह्याच्या डोंगरवस्त्यांवर कड्यावरून पडणं, जनावराची लाथ बसणं, बिबट्याच्या तावडीतून अर्धमेलं सुटणं असे प्रकार घडतात. कारण कोणतंही असो, कुत्रं मागचे पाय फरपटत घरी आलं की बहुतेक ठिकाणी एकच निकाल लागतो : "कंबरडं मोडलं, आता काही खरं नाही." हा निकाल अनेकदा चुकीचा असतो. दुसऱ्या टोकाला चाकांच्या गाडीवर धावणाऱ्या कुत्र्याचा व्हिडिओ पाहून गाडी आणली की सगळं भागलं असं मानणारेही आहेत. तेही खरं नाही.

गैरसमज : मागचे पाय ओढणारं कुत्रं पिसाळलेलं असतं.

वस्तुस्थिती : मागचे पाय लुळे पडण्याची कारणं बरीच आहेत. अपघातात मणका मोडतो, मणक्यांमधली गादी सरकून मज्जारज्जूवर दाब येतो, डिस्टेंपरसारखा आजार मज्जासंस्थेवर हल्ला करतो. जर्मन शेफर्डसारख्या जातींत उतारवयात मज्जारज्जू हळूहळू झिजतो.

रेबीजच्या एका प्रकारात मात्र कुत्रं चवताळत नाही, लुळं पडतं. त्याचा जबडा लोंबतो, लाळ गळते, पाणी गिळता येत नाही आणि लुळेपणा भराभर वाढत जातो. अशा वेळी घशात हाड अडकलं असेल असं समजून तोंडात हात घालू नये. रेबीजची लक्षणं दिसू लागली की कुत्रं साधारण १० दिवसांच्या आत दगावतं. म्हणून दोन महिन्यांपासून पाय ओढत असलेलं, पण खातंपितं आणि इतर कुत्र्यांत रमणारं कुत्रं पिसाळलेलं म्हणून हाकलू नये. चावलंच, तर मात्र जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्यावी.

गैरसमज : पायाचं बोट दाबलं की पाय मागे घेतं, म्हणजे पायात जाणीव आहे.

वस्तुस्थिती : सर्वात जास्त फसगत इथेच होते. पाय मागे ओढणं ही प्रतिक्षिप्त क्रिया असते. तो संदेश मज्जारज्जूच्या खालच्या भागातूनच परत फिरतो, मेंदूपर्यंत पोचावाच लागत नाही. मज्जारज्जू वर पूर्ण तुटलेला असला तरी पाय आखडू शकतो. जाणीव शाबूत आहे असं केव्हा म्हणायचं? बोट दाबल्यावर कुत्रं मान वळवून बघतं, केकाटतं किंवा चावायला येतं तेव्हा.

पुढचं बरंचसं भवितव्य या एका तपासणीवर ठरतं. खोलवरची वेदना कळत असेल तर पुन्हा चालण्याची आशा चांगली असते. ती गेली असेल आणि कारण सरकलेली गादी असेल, तर वेळेत शस्त्रक्रिया झाल्यास जवळपास निम्मी कुत्री चालू लागतात. मणका मोडून वेदना गेली असेल तर शक्यता फारच कमी. ही तपासणी घरी पक्कड लावून करायची नाही, ते पशुवैद्यकाचं काम आहे.

आपलं काम त्याआधीचं. कुत्र्याला काखेत धरून उचलू नये. सपाट फळीवर किंवा ताणून धरलेल्या गोणपाटावर सरकवावं, फडक्यानं सैलसर बांधावं. वेदनेत घरचं कुत्रंही चावतं, हे ध्यानात ठेवावं. माणसांच्या अंगदुखीच्या गोळ्या देऊ नयेत. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक ठरतात. नीरा ओलांडली की शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, हे या भागातल्या लोकांनी लक्षात ठेवावं.

गैरसमज : गाडी लावली की कुत्रं आळशी होतं, उरलेली ताकदही जाते.

वस्तुस्थिती : कुत्रं गाडीत बसत नाही, उभं राहतं. त्याच्या वजनाचा साधारण ६० टक्के भार एरवीही पुढच्या पायांवरच असतो. गाडी मागचा भार उचलते आणि ते स्वतःच्या बळावर चालतं. पायांत थोडी हालचाल शिल्लक असेल तर मागचे पंजे जमिनीला टेकतील अशी गाडी लावतात आणि चालता चालता पायांना व्यायाम होतो. हालचाल अजिबात नसेल तर पंजे पट्ट्यात अडकवून वर ठेवतात, म्हणजे ते घासून सोलत नाहीत. ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत लिंकन पार्क्स या पशुवैद्यकानं १९६१ मध्येच कुत्र्यांसाठी अशा गाड्या बनवायला सुरुवात केली होती.

गैरसमज : कुठलीही गाडी कुठल्याही कुत्र्याला चालते.

वस्तुस्थिती : गाडी मापाचीच हवी. जमिनीपासून कमरेपर्यंतची उंची, कमरेची रुंदी, खांद्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी आणि वजन, एवढं नीट मोजावं लागतं. उभं राहिल्यावर पाठ सरळ दिसली पाहिजे. मागची बाजू उंच झाली तर सगळा भार खांद्यांवर येतो, खाली गेली तर पाठीला बाक येतो. मापं बरोबर असतील तर पीव्हीसी पाइप, हलकी चाकं आणि मऊ पट्टे वापरून स्थानिक कारागीरही कामाची गाडी बनवतात.

चाकं मात्र जमीन पाहून निवडावीत. फरशीवर चालणारी लहान टणक चाकं वेल्ह्याच्या दगडी पायवाटेवर अडकतात, भाताच्या चिखलात रुततात. इथे मोठी चाकं आणि चाकांमध्ये जास्त अंतर हवं, नाहीतर उतारावर गाडी उलटते. बांध, ओढा, कडा यांच्याजवळ गाडीतलं कुत्रं मोकळं सोडू नये.

गैरसमज : गाडी मिळाली की काम संपलं.

वस्तुस्थिती : खरं काम तिथून पुढे सुरू होतं. गाडीत कुत्र्याला आडवं होता येत नाही. सुरुवातीला १०-१५ मिनिटं पुरतात, मग हळूहळू वेळ वाढवायचा, तोही कुणीतरी लक्ष ठेवून.

त्याहून महत्त्वाची गोष्ट लघवीची. मज्जारज्जूला इजा झालेल्या अनेक कुत्र्यांचं मूत्राशय भरतं, पण रिकामं होत नाही. थेंब थेंब गळताना दिसलं की लोकांना वाटतं, लघवी होते आहे. अनेकदा ते तुडुंब भरून सांडणं असतं. दिवसातून तीन-चार वेळा पोट हलकेच दाबून लघवी काढावी लागते. पशुवैद्यकाकडून ते हातानं करून शिकून घ्यावं. हे टाळलं तर जंतुसंसर्ग होतो, मूत्रपिंड बिघडतं, आणि कुत्रं पायांमुळे नाही तर यामुळे दगावतं.

दुसरा शत्रू ओल. जूनपासून या भागात पाऊस खळत नाही. भिजलेल्या पट्ट्यांनी कातडी सोलते, लघवीनं भाजल्यासारखं होतं, जखमेवर माशी बसली की अळ्या पडतात. अंथरूण कोरडं आणि जाड ठेवावं, कूस दर काही तासांनी बदलावी, मांड्या आणि पंजे रोज तपासावेत.

गैरसमज : प्रत्येक अपंग कुत्र्याला गाडी द्यायलाच हवी.

वस्तुस्थिती : तीन पायांची बहुतेक कुत्री गाडीविना छान धावतात. पुढचे पाय किंवा खांदे कमजोर असतील तर मागच्या दोन चाकांची गाडी उपयोगाची नाही, चारचाकी लागते. रस्त्यावरच्या कुत्र्याला गाडी बांधून सोडून देणं तर धोक्याचं; ते अडकतं, उलटतं, भुकेलं राहतं. त्याला आधी सांभाळणारं घर हवं.

आणि काही वेळा वेदना थांबतच नाही. तेव्हा पशुवैद्यकाच्या हातून शांत मरण देणं ही क्रूरता नव्हे. रस्त्यावरच्या कुत्र्याबाबत हा निर्णय प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार स्थानिक देखरेख समितीनं नेमलेल्या पथकानं तपासून घ्यायचा असतो. दगड-काठीनं संपवणं ही दया नाही. प्राण्याला असं ठार मारणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे.

पाय गेलेलं कुत्रं वर्षानुवर्षं आनंदात जगू शकतं. त्याला चाकं लागतात, त्याहून जास्त माणूस लागतो. म्हणून गाडीची किंमत विचारण्याआधी घरात सर्वांनी मिळून एक ठरवावं : भात लावणीच्या दिवसांतही याची लघवी तीन-चार वेळा कोण काढणार? नाव ठरलं, की खुशाल माप घ्यायला बसावं.