सारसाचं घरटं का राखायचं?

गोंदिया जिल्ह्यात पावसाळ्यात रोवणी झाली की सारस पक्षी तळ्यांसोबत धानाच्या बांध्यांमध्येही घरटं करतात. त्यासाठी धानाची रोपं आणि गवत उपटून ढीग रचतात. अंडी बहुधा दोन. नर-मादी महिनाभर ती आळीपाळीने उबवतात. महाराष्ट्रातले उरलेसुरले सारस मुख्यतः याच भागात आहेत. पण तेवढ्या जागेतलं धान जातं. ते शेतकऱ्याने का सोसावं?

एक जण बक्षिसासाठी सोसेल. दुसऱ्याला पक्षी आवडतात. तिसरा म्हणेल, घरटं मोडणं बरोबर नाही, बस्स. बाहेरून तिघांचं वागणं सारखंच दिसतं. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने १७८५ च्या आपल्या ग्रंथात नेमका इथेच फरक केला. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून रास्त भाव लावणारा दुकानदार त्याच्या मते व्यवहारी आहे, एवढंच. नैतिक मोल तिसऱ्याच्या कृतीला. हे कडक वाटतं, पण कांट प्रेमाला वाईट म्हणत नाही. बक्षीस थांबतं, प्रेम आटतं, तेव्हा काय उरतं, हा त्याचा प्रश्न आहे.

मग हे ‘बरोबर नाही’ येतं कुठून? १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने राज्यघटनेत कलम ५१ अ आलं. वन्यजीवांचं रक्षण आणि प्राणिमात्रांबद्दल दया ही त्यात नागरिकाची कर्तव्यं आहेत. मात्र ती मोडल्यास शिक्षा त्या कलमात नाही. कांट म्हणेल, कर्तव्याचा उगम सरकारी हुकमात नसतोच. तो आपल्याच विवेकात असतो. ‘बाकीच्यांनी घरटी राखावीत, माझ्या बांधीतलं तेवढं मी काढतो’ असं म्हणणारा जो नियम इतरांना लावतो, त्यातून स्वतःला सूट देतो. ही सूट विवेकाला पटत नाही.

गंमत म्हणजे कांटच्या मते आपली कर्तव्यं फक्त माणसांप्रती असतात. प्राण्यांशी क्रूर वागू नये, कारण त्याने माणूस निबर होतो. म्हणजे शेतकरी सारसाचं काही देणं लागत नाही! इथे मला कांटपेक्षा आपली घटना जास्त पटते.

भरपाई घेतली तर कर्तव्य बाटतं का? नाही. भरपाई गेलेल्या धानाची असते, घरटं राखण्यामागच्या हेतूची नव्हे. शिवाय सारस टिकावा असं वाटणारे आपण सगळे असू, तर त्याचा खर्च एकट्या धान उत्पादकावर टाकणं म्हणजे पुन्हा स्वतःला सूट देणंच आहे.